वरचं उद्या

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनं मिळून काय केलं, तर गाडीचं ऑइल बदललं. लोकांना असं सांगितलं की ते विषय बदलतात. त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. देवाला गेलो, नातवंडाचं तोंड बघितलं, असं. आमचं तसलं काही नाही. सकाळची न्याहारी झाली, मी पुढची दोन चाकं चिऱ्यांवर चढवली, ती नरसाळं घेऊन आली. झालं.

त्याआधी गाडी वेशीपर्यंत नेऊन आणली होती. हे करावंच लागतं. ऑइल गरम झालं की पातळ होतं आणि पोटातली सगळी घाण घेऊन खाली येतं. थंड ऑइल हट्टी असतं, मागं राहतं. मी गोणपाटावर पाठ टेकून खाली सरकलो, सतराच्या पान्यानं नट सैल केला, शेवटचे आटे बोटांनी फिरवले आणि हात झटकन काढला. तरी मनगटावर आलंच. दर खेपेला येतं. घमेल्यात काळी धार पडायला लागली की वरून तिचा आवाज यायचा, "भाजलं?" मी म्हणायचो, "न्हाय." ती म्हणायची, "मंग शिवी कुनाला घातलीत?"

ती पाटावर बसून असायची. पांढरे केस, नाकात जुनी चमकी, आणि मांडीवर तिच्याच जुन्या लुगड्याचं फडकं. त्या दिवशी आंब्याच्या रंगाचं होतं. धार बारीक झाली, मग थेंब थेंब झाली. मी नट साफ करून नवा तांब्याचा वायसर टाकून बसवला आणि बाहेर आलो. नवं ऑइल ती ओतायची. मी ओतलं की सांडायचं. ती लहान पोराला दूध पाजावं तसं ओतायची. थोडं ओतलं की थांबायची, त्याला खाली जाऊ द्यायची, मग पुन्हा थोडं. नरसाळं रॉकेलच्या वेळचं, टिनाचं. नव्या ऑइलला मधाचा रंग असतो. उन्हात धरलं की वाटतं भाकरीबरोबर खावं.

जळकं ऑइल आमच्याकडं कुणी फेकत नाही. होडीच्या बुडाला जातं, कुंपणाच्या खांबांना जातं, दाराच्या चौकटीला जातं. खाऱ्या हवेत लाकूड टिकवायचं तर त्याला काहीतरी पाजावं लागतं, आणि वाळवीला तो वास चालत नाही. ते काम तिचं. आधी उंबरा, मग चौकटीच्या दोन्ही बाजू खालून वर. उंबऱ्याला लावलं की ओरडायची, "ओला हाय, पाय उचला." आणि मी हमखास त्याच्यावर पाय द्यायचो. मग घरभर माझी काळी पावलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा.

त्या दिवशी पाय दिला नाही. दोन्ही बाजू खांद्याच्या वरपर्यंत झाल्या, तसे तिनं हात खाली घेतले. फडकं घमेल्याच्या काठावर ठेवलं. राखेनं हात घासले. म्हणाली, "वरचं उद्या."

त्याच्यापुढचं मी सांगत नाही. दवाखाना सगळ्यांच्या घरात सारखाच असतो.

गाडी पांढरी आहे. मूळची मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. माझी ट्रकची नोकरी संपली तेव्हा घेतली. मी चाळीस वर्षं ड्रायव्हर. आधी मिठाचे ट्रक, मग बंदर आलं तसे कंटेनरचे ट्रेलर. घरी बसून करमेना. टॅक्सी आणली तेव्हा तिच्यात शंभर जणांचा वास होता. घाम, उदबत्ती, पान, ओल्या छत्र्या. हिनं सीटं उन्हात टाकली, आठ दिवस वाळत घातली, बोंबील वाळवतात तशी. मी रंग मारला. रंग मारायला मी काही कारागीर नाही, त्यामुळं दाराच्या कडेला अजून पिवळं दिसतं. रंग वाळल्यावर गाडी बांधावर उभी केली, तर लांबून बगळा बसल्यासारखी दिसली. ही म्हणाली, "बगली." तेच नाव पडलं.

बगळीच्या इंजिनाला मी सोडून कुणाचा हात लागला नाही. मी चौथी शिकलेला. पुस्तक वाचून काही केलं नाही. ट्रकवाल्याला रस्त्यात बंद पडून पडून येतं ते मला येत होतं. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचे, डिलकोचं झाकण उघडून ठिणगीचे पॉइंट बघायचे, कार्बोरेटरमध्ये कचरा आला की तोंडानं फुंकायचा. तोंडात पेट्रोल गेलं की दिवसभर ढेकर पेट्रोलचे. ही म्हणायची, काडी वढू नका, घर जाळाल.

एक माझ्याजवळ नव्हतं. कान. ट्रेलरनं माझा डावा कान पार खाल्ला आणि उजवा अर्धा. इंजिन चालू आहे एवढं पायाला कळायचं, बाकी नाही. आणि इंजिनाचं दुखणं आवाजात असतं. म्हणून कान तिचे. तिनं जन्मात गाडी चालवली नाही, पण मी लांब पेचकस इंजिनावर टेकवायचो, ती मुठीला कान लावायची आणि डोळे मिटायची. मग सांगायची. तिला टापेट, बेअरिंग असले शब्द माहीत नव्हते. ती तिच्या शब्दात सांगायची आणि मी समजून घ्यायचो. "सुपात तांदूल पाखडतंय," म्हणाली की टापेट सैल. "पाट्यावर कोरडं खोबरं," म्हणाली की पाण्याचा पंप. "वलं लाकूड फुरफुरतंय," म्हणाली की एक प्लग मेलेला. एकदा दोन दिवस मी इंजिन खोलून बसलो होतो, खालून पायाला ठक ठक लागतंय म्हणून. ती सांगत होती, "ह्यो इंजिनाचा न्हाय." मी म्हटलं, "तुला काय कळतंय?" तिसऱ्या दिवशी तिनं मागची सीट उचलली आणि पितळेचा पेला काढला. कुणा लग्नाला जाताना पाणी प्यायला घेतलेला, सीटखाली राहून गेलेला.  त्याच पेल्यातून मला चहा दिला.

आणि सगळं ठीक असलं की ती पेचकसावरून कान काढायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "भात शिजतोय. झाकन ठेवा." मी बॉनेट लावायचो.

एकदा म्हणाली होती, "कान गेला तर दातांनी ऐका." मी हसलो. ती म्हणाली, "हसता काय? भाकरी चावल्याचा आवाज तुमाला येतो का न्हाय, बहिरे असून? तो कुटून येतो?" मी पेचकस दातात धरायला तयार झालो नाही. अंगणात उभं राहून लोखंड चावायचं, बघणारे काय म्हणतील. आणि गरज काय होती? ती होती की.

ती गेल्यावर मी ऑइल बदललं नाही.

हे आधी सांगायला पाहिजे होतं. माझ्या हातून काय होत होतं ते मला कळत होतं. एक पावसाळा गेला, दिवाळी गेली, ऑइलची वेळ होऊन गेली. मी ऑइल मोजायची पट्टी काढून बघायचो. मधाचा रंग कधीच गेला होता. काळं, पातळ, बोटाला कचकच लागणारं. कमी पण होत चाललं होतं, कारण इंजिन जुनं आहे, थोडं पितं. वरून लिटरभर टाकायचं साधं काम. तेही केलं नाही. टाकलं असतं तर तिनं ओतलेल्यात मिसळलं असतं. तिच्या हातानं ओतलेलं असं घरात काय उरलं होतं? लोणच्याची बरणी मी दोन महिन्यांत संपवली. लुगडी पोरीनं वाटली. एवढं ऑइल राहिलं होतं. गाडी चालू केली की ते आत फिरत होतं, वर जात होतं, खाली येत होतं. मूर्खपणा आहे. ट्रकवाल्यांमध्ये हे कुणाला सांगितलं असतं तर मला चपलेनं मारलं असतं.

चौकट तशीच राहिली. दोन्ही बाजू खांद्यापर्यंत काळ्या आणि वरचं पांढुरकं. घमेल्यातलं उरलेलं ऑइल मी त्या आठवड्यातच कुंपणाला ओतून टाकलं होतं, बघवेना म्हणून. घरी येणारा जाणारा दारात मान वर करायचा. "अर्धीच ऱ्हायली?" विचारायचा. मी म्हणायचो, "व्हय."

वर्ष झालं तेव्हा सुनी आली. सुनी म्हणजे आमची एकुलती मुलगी, म्हसळ्याला दिली आहे. भटजी, पिंड, कावळा, सगळं झालं. कावळ्यानं वेळ लावला. मी म्हटलं, मीठ कमी पडलं असेल. कुणी हसलं नाही. सुनीच्या आईला शेवटी शेवटी डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. मिठागराच्या बाईला. ताटाकडं बघत बसायची आणि म्हणायची, "ह्ये जेवान न्हाय, वलं गवात हाय." मी एकदा खडामीठ आणून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं चाटलं नाही, मुठीत धरलं नुसतं. मूठ उघडली तेव्हा पाणी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सुनी जायला निघाली. पिशवीतून डबा काढून ओट्यावर ठेवला. मला वाटलं लाडू. ऑइल होतं. बगळीला लागतं तेच.

"ह्ये कशाला?" मी म्हटलं.

"आईनं सांगितलं होतं."

"कदी?"

"दवाखान्यात. म्हणाली, वरीस झालं की बापूसला ऑइल घेऊन दे. त्यो इसरायचा न्हाय, पन हात लावायचा न्हाय."

मी चिडलो. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन कुणी कामाला लावलं की मला चीड येते. म्हटलं, "तुला काय कळतंय गाडीतलं?"

सुनी बाहेर गेली, बॉनेट उघडलं, पट्टी ओढली. तिच्या आईची पोर ती. पट्टी माझ्या नाकासमोर धरली. तिच्या टोकाला जरासं काळं होतं, खुणेच्या खाली.

"बाबा, ह्ये ऑइल हाय का डांबर?"

"ठेव ती जागेवर."

"गाडी जाळून आई ऱ्हानार हाय का?"

 तिला स्टँडवर सोडलं. एसटी लागेपर्यंत दोघंही समोर बघत बसलो. चढताना ती म्हणाली, "चौकट तरी रंगवा. लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, "लोकांच्या दाराची न्हाय ती." ती खिडकीत बसली आणि मग तिनं तोंड फिरवलं. तेव्हा मला दिसलं, ती मागून तिच्या आईसारखी दिसायला लागली आहे. मानेपाशी.

परत येताना मी हमरस्ता सोडून बांधावरून आलो. बांधाच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला पूर्वी आमची मिठागरं. आता तिथं मुरूम टाकून कंटेनर रचलेत, पाच पाच मजले. एवढ्याशा पट्ट्यात दोन-चार कोंड्या उरल्या आहेत, त्यात पाणी असतं, मीठ कुणी पिकवत नाही. उघाडीपाशी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या झडपेपाशी आलो, तिथं बांध जरा चढतो. चढावर घेतली आणि समोर तांबडा दिवा लागला. ऑइलचा. क्षणभर लागला, विझला, मग लागला तो लागलाच.

चावी फिरवली आणि गाडी तशीच उभी केली. चाळीस वर्षांची सवय. तांबडा दिवा म्हणजे विचार करायचा नाही, बंद करायची. अजून अर्धा मैल चालवली असती तर बेअरिंगं गेली असती, आणि मग इंजिन उघडून त्यातून काय काढणार होतो मी? तिचं ऑइल? राख निघाली असती.

खाली उतरलो. चिखलाचा वास येत होता, ओहोटीचा. निवट्या, चिखलातली मासळी, उड्या मारत होत्या. आणि मग मला कळलं की ही तीच जागा.

बगळी घरात येऊन वर्ष झालं असेल. सुनीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही निघालो होतो. ती पुढं बसलेली, नवं हिरवं लुगडं, गजरा, मांडीवर पिशवी. उघाडीपाशी बॉनेटमधून वाफ आली. रेडिएटर कोरडा. डब्यात पाणी घ्यायला विसरलो होतो, कारण ड्रायव्हरची बायको बरोबर असली की ड्रायव्हर गप्पा मारतो. तेव्हा इथं एक छोटी विहीर होती, मिठागरातल्या माणसांची. मी तिला म्हटलं, "बघ गोडं हाय का?" आमच्याकडं पिण्याच्या पाण्याला गोडं म्हणतात. तिनं पोहरा ओढला, बोट बुडवलं, जिभेला लावलं. मिठागराची पोर ती. पाणी किती पिकलंय, मीठ कधी धरेल, हे तिचा बाप तिच्या जिभेवरून ठरवायचा. तिनं डोळे मिटून चव घेतली आणि म्हणाली, "गोडं."

दोन डबे ओतले. बस्ता झाला, लग्न झालं. पुढं तीनेक महिन्यांत गाडी उगाच तापायला लागली. पट्टा बदलला, पंखा बघितला, काही नाही. शेवटी रेडिएटरचं झाकण काढून आत बघितलं, तर आत पांढरं. कोंडीत धरतं तसं. खवले खवले. मी ओरडलो, "ये इकडं. बघ, तुझ्या बापाचं मिठागर बघ."

ती आली. वाकून बघितलं. हात घालून एक खपली काढली आणि तोंडात टाकली.

"मीठ बरं हाय," म्हणाली. "जरा कडू."

"तू गोडं म्हणाली होतीस."

"मंग? समुद्रापरीस गोडंच व्हतं."

मी काय काय बोललो. तुझ्या जिभेला खाडीसुद्धा सरबत, असं काहीतरी. ती ऐकून घेऊन आत गेली. दोन दिवस आमटी अळणी, भाजी अळणी, मासा अळणी. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मीठ संपलं काय घरात?" म्हणाली, "तुमाला गोडं पायजे व्हतं ना?"

पण उपाय तिनंच काढला. तिसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासत होती. तांब्याचा हंडा चिंचेनं उजळत होती. मधेच थांबली, गाडीकडं बघितलं. "अवो, ह्यो तुमचा रेडिएटर कशाचा हाय?" मी म्हटलं, "पितळ, तांबं असंच काहीतरी." तिनं मोठ्या पातेल्यात चिंच उकळली, फडक्यातून गाळली, तीन वेळा गाळली, आणि नरसाळं लावून रेडिएटरमध्ये ओतली. तशीच ओतली, थोडी, मग थांबून थोडी. गाडी दोन फेऱ्या फिरवली आणि खालची तोटी उघडली. बाहेर आलं ते गढूळ, पिवळं, फेसाळ. पुन्हा चिंच. पुन्हा. मग गोड्या पाण्यानं धुतला, आणि त्या वेळेस पाणी मी चाखलं. गाडी पुन्हा कधी तापली नाही. आठवडाभर मात्र चालू केली की चिंचेच्या साराचा वास यायचा. गावातली कुत्री मागं यायची. स्टँडवर लोक विचारायचे, काय राव, जेवण शिजवत आलात काय? ती मागं बसलेली, पदर तोंडाला लावून हसत असायची. हसली की तिच्या खांद्यांवरून कळायचं, आवाज नसायचा. मला ते बरं पडायचं. आवाज असता तर मला आला नसता. खांदे आरशात दिसायचे.

विहीर आता मुरुमाखाली आहे. कुठं होती ते मी चालत जाऊन शोधलं, सापडलं नाही. पाच मजली कंटेनरांची सावली बांधावर पडली होती आणि बगळी त्या सावलीत उभी. मी तिच्या टपावर हात ठेवला. अजून गरम होती.

घरी जाऊन डबा घेऊन आलो असतो तर त्याच संध्याकाळी काम झालं असतं. गेलो नाही. गाडी कुलूप लावून बांधावर ठेवली आणि चालत घरी आलो. बगळी घरात आल्यापासून पहिल्यांदा ती बाहेर राहिली. ओट्यावर सुनीनं ठेवलेला डबा होता. मी तो आत घेतला. दारातून जाताना मान वर केली, दुसरे करतात तशी. अर्धीच.

सकाळी उजाडल्यावर चहा घेतला. घमेलं, सतराचा पाना, लांब पेचकस, गोणपाट, नरसाळं, नवा वायसर आणि सुनीनं दिलेला डबा एका पाटीत भरला. फडकं शोधलं. आंब्याच्या रंगाचं तेच होतं, एका अंगाला काळं झालेलं, खिळ्याला टांगलेलं. ते पण घेतलं. पाटी खांद्यावर घेऊन बांधावर गेलो. वाटेत कुणीतरी विचारलं, "मिठागरात कामाला लागलात काय?" मी म्हटलं, "व्हय, हजेरी लावायचीय."

चिरे लागले नाहीत. चढावर असल्यामुळं पुढची चाकं आपोआप वर होती. मागच्या चाकांना दगड लावले आणि खाली सरकलो. पाठीला बांधाची ओल लागली. नट जाम झाला होता. पान्याला लाथ घातली तेव्हा सुटला. शेवटचे आटे बोटांनी फिरवले.

गाडी गरम करायला पाहिजे होती. केली नव्हती, ऑइल नसताना चालू कशी करणार? त्यामुळं थंड होतं. थंड ऑइल सावकाश पडतं. जाड धार, मग वळवळती बारीक, मग एकेक थेंब, आणि दोन थेंबांच्या मध्ये एवढा वेळ की वाटावं आता संपलं. मी पडून राहिलो. घाई नव्हती. वरून कुणी "भाजलं?" विचारलं नाही आणि भाजलं पण नव्हतं. मनगटावर मात्र आलंच. ते पुसलं नाही.

फार नव्हतं. घमेल्याच्या तळाला दोन बोटं.

नवं मी ओतलं. थोडं ओतलं, थांबलो, खाली जाऊ दिलं, मग थोडं. सांडलं नाही. पट्टी बघितली, खुणेला आलं होतं. चावी फिरवली. तांबडा दिवा लागला आणि विझला.

आता ऐकायला कुणी नव्हतं. मी इकडंतिकडं बघितलं. खाडीत एक होडी, लांब. पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं आणि लाकडी मूठ दातात धरली.

आवाज आला. बाहेरून नाही आला, डोक्याच्या आतून आला, भाकरी चावल्यासारखा. किती वर्षांनी मी माझ्या गाडीचा आवाज ऐकत होतो. आधी नुसती गडगड. मग त्या गडगडीत सगळं वेगळं वेगळं व्हायला लागलं. तांदूळ पाखडल्याचा नव्हता. खोबऱ्याचा नव्हता. लाकूड फुरफुरत नव्हतं. एकसारखं, मंद, बुडबुड, बुडबुड. भात शिजत होता. ती इतकी वर्षं हे ऐकत होती आणि मला वाटायचं ती उगाच काहीतरी म्हणते.

झाकण ठेवलं.

घमेलं सीटच्या खाली पायाशी ठेवून सावकाश गाडी घरी आणली. अंगणात लावली. घमेलं घेऊन दारात उभा राहिलो. स्टूल आणायचं डोक्यात होतं, मग कशाला म्हटलं. हात वर केला. पोचला. फडकं बुडवलं आणि आडव्या लाकडाला लावायला लागलो. लाकूड वर्षभर उपाशी, लावलं की पिऊन टाकत होतं.

अर्ध्यावर आलो तेव्हा डोक्यात आलं. इथं तिचा हात कधीच पुरत नव्हता. एवढीशी होती ती, माझ्या छातीला लागायची. खांद्याच्या वरचं काम दर वर्षी माझंच असायचं. ती दोन्ही बाजू करायची, फडकं घमेल्यावर ठेवायची, आणि मी टंगळमंगळ करत राहायचो, म्हणून म्हणायची, वरचं उद्या. वर्षभर मला वाटत होतं की तिचं काम अर्धं राहिलं. तिचं झालं होतं. राहिलं होतं ते माझं.

वरचं झालं. मग डाव्या बाजूनं खाली आलो, तिच्या रेघेपर्यंत. तिचं काळं उन्हानं थोडं तांबूस झालं होतं. माझं नवं, ओलं. उजवी बाजू केली. घमेल्यात थोडं उरलं होतं, ते बसून उंबऱ्याला लावलं, फडकं पिळून, कोपऱ्यासकट.

राखेनं हात घासले. मग आत गेलो. उंबरा ओला होता. पाय उचलला.